कॅमेलियाची गोडी छाटणी

गंगापूर रोडला आमची टस्कनी हाइट्स ही सोसायटी आहे. टस्कनी इटलीत आहे आणि तिथं द्राक्षं होतात, एवढं बिल्डरला कुणीतरी सांगितलं होतं. आमच्यातल्या निम्म्या फ्लॅटवाल्यांचे सातबारे दिंडोरी-निफाडात आहेत, त्यांच्याकडेही द्राक्षंच होतात. पण ते कुणी सहसा बोलून दाखवत नाही. गावाकडून आलेली भाजीची पिशवी लिफ्टमधून नेताना आमच्याकडे माणसं ती पाठीमागे धरतात.

अशा सोसायटीत नाथाभाऊ थेट्यांनी गच्चीवर मेथी पेरली.

नाथाभाऊ मोहाडीचे. जन्मभर द्राक्षबाग केली. आधी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग हृदयाचं. मुलगा रविराज अंबडला कारखान्यात मॅनेजर. त्याने बाग वाट्याने दिली आणि आईवडलांना इथं आणलं. हाकेच्या अंतरावर डॉक्टर, लिफ्ट, गिझर, सगळं. नाथाभाऊंना पहाटे जाग यायची आणि पुढे काय करायचं ते सुचायचं नाही. हॉलमध्ये बसून ते समोरच्या भिंतीकडे बघत. भिंतीला काही येत नव्हतं. शेवटी त्यांनी फुटक्या टबांत माती भरली आणि मेथी टाकली. मेथी आली, आणि पाठोपाठ कमिटीही आली.

"थेटेकाका, ही गच्ची आहे, शेत नाही," अध्यक्ष दिनेश कुलथे मीटिंगमध्ये म्हणाले. कुलथे विमा कंपनीतून निवृत्त झालेले. प्रत्येक गोष्टीत त्यांना संभाव्य नुकसान आधी दिसतं. "उद्या फ्लॅट बघायला गिऱ्हाईक आलं आणि त्याला वर मेथी दिसली, तर?"

"मेथीच हाय ना साहेब? गांजा नाय."

"गांजा परवडला. तो निदान एक्झॉटिक तरी वाटतो."

ठराव झाला की गच्चीवर यापुढे फक्त शोभिवंत आणि शक्यतो परदेशी वाटणारी झाडं राहतील. इतिवृत्तात विषयाचं नाव पडलं 'गच्चीवरील अनधिकृत पीक'. ते इतिवृत्त सेक्रेटरीने लिहिलं, आणि सेक्रेटरी म्हणजे योगिनी, नाथाभाऊंची सून. तिने ते लिहिलं आणि घरी जाऊन त्याच अनधिकृत पिकाची भाजी केली. टाकवेना.

त्या रात्री नाथाभाऊंनी एक कापडी पिशवी काढली. तिच्यात दोन सदरे, टॉवेल आणि गोळ्यांचा डबा भरला आणि ती दारामागच्या खुंटीला अडकवली. "दिवाळी सरेपर्यंत बघतो," त्यांनी जाहीर केलं. "कुठं हात घालायला वीतभर माती मिळाली तर ठीक. नायतर मी चाललो मोहाडीला."

"अन् तिथं छातीत कळ आली तर कुणाला सांगाल? द्राक्षाच्या घडाला?" वत्सलाबाई म्हणाल्या. मग मला लिफ्टमध्ये गाठून त्यांनी हळूच सांगितलं, "भाऊसाहेब, हे बोलत्यात तसं करत्यात. बायपास झालेला माणूस, एकटा जायाचा. तुम्ही काय तरी करा." मी कमिटीचा सल्लागार आहे. आमच्या सोसायटीत सल्लागार म्हणजे ज्याला चहा दिला जातो आणि मत विचारलं जात नाही तो.

तेवढ्यात कॅमेलिया आला.

कुलथ्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला होता. जपान की कुठल्या तरी देशातली बाग, आणि झुडपांवर वाटीएवढी गुलाबी फुलं, पाकळीवर पाकळी चढवलेली, जणू सोनाराने घडवलीत. कुलथ्यांच्या खानदानाचा सराफीचा धंदा, त्यामुळे ते त्यांच्या मनातच भरलं. एक नर्सरीवाला त्यांनी शोधून काढला. त्याने हिमालयाच्या पायथ्याहून टेम्पो भरून रोपं आणली. रोपं दिसायला साधी होती. गर्द पानांची, कातरलेल्या कडांची. "राजघराण्यातलं झाड आहे," नर्सरीवाला पैसे मोजून घेत म्हणाला. "लाडाने ठेवा. नाव कॅमेलिया." हे नाव मात्र त्याने खरं सांगितलं होतं, ते पुढे कळलं.

प्रत्येक फ्लॅटला एक कुंडी मिळाली. आणि कुलथ्यांनी योजना मांडली: दिवाळीनंतर पुष्पोत्सव, आणि ज्याचा कॅमेलिया सगळ्यांत सुंदर फुलेल त्याच्याकडे वर्षभर गच्चीची व्यवस्था. कुलथ्यांच्या मनात गच्चीवर छत्रीवजा गझिबो बांधायचा होता. त्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं आणि गझिबोत फोटो चांगले येतात. आपणच जिंकू याबद्दल त्यांना शंका नव्हती, कारण परीक्षक तेच नेमणार होते.

योगिनीने कुंडी सासऱ्यांपुढे ठेवली. "अण्णा, एवढं एक फुलवा. गच्ची तुमची. मग कुणाच्या बापाची हिंमत नाही."

नाथाभाऊंनी झाडाभोवती एक फेरी मारली. पान उलटं करून बघितलं, खोड नखाने टोकरलं.

"कलम हाय का?"

"माहीत नाही, अण्णा."

"खुंट कोणता? कशावर बांधलंय कलम?"

"अण्णा, ते कॅमेलिया आहे. त्याला खुंट नसतो."

"खुंट नाय म्हन्जे? वाऱ्यावर आलं का काय?" ते म्हणाले, पण त्यांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी खुलला होता. "बघतो. येलासारखं येल. झाड ते झाड."

वास्तविक ते वेल नव्हतं. पण जन्मभर ज्याने एकच पीक घेतलं, त्याला जगातलं प्रत्येक हिरवं म्हणजे द्राक्ष, थोडं बिघडलेलं, इतकंच वाटतं.

पुढचे दोन-तीन महिने टस्कनी हाइट्सने कॅमेलियावर जेवढी माया केली तेवढी पोटच्या पोरांवर केली असती, तर पोरं बिघडली असती. कुलथ्यांचं म्हणणं पडलं की हिमालयातलं झाड, त्याला गार लागतं. त्यांनी कुंडी बेडरूममध्ये एसीखाली ठेवली आणि सकाळ-संध्याकाळ बर्फाचे खडे घातले. त्यांच्या मिसेस ललिताबाई तेव्हापासून हॉलमध्ये झोपायला लागल्या. त्यांना सर्दी होते. दुसऱ्या मजल्यावर झाडाला संतूर ऐकवायचे. तिसऱ्यावरच्या एकांनी रामकुंडावरून बाटलीत पाणी आणून घातलं; ते झाड चटकन पिवळं पडलं, पण त्यांनी ते पुण्यकर्म सोडलं नाही. माझं झाड पहिल्या आठवड्यातच सेवानिवृत्त झालं.

नाथाभाऊंनी कुंडी गच्चीवर टाकीच्या आडोशाला ठेवली. शोभिवंत असल्यामुळे तिला तिथं परवानगी होती. गावाकडून त्यांनी गंधकाची भुकटी मागवली आणि पानांवर, मातीत, सगळीकडे धुरळली. गच्चीला आगपेटीसारखा वास यायला लागला.

"हे कशाला, नाथाभाऊ?" मी विचारलं.

"भुरी येती ना. पांढरी पडती पानं. एकदा भुरी आली की बाग गेली, भाऊसाहेब."

"पण भुरी द्राक्षावर येते."

"मग हिच्यावर कशी नाय यायची? हिला काय पास हाय?"

सप्टेंबर सरता सरता उरलेल्या सगळ्यांच्या कॅमेलियांवर बारीक, गोल, हिरव्या कळ्या धरल्या. सोसायटीच्या ग्रुपवर कळ्यांचे फोटो यायला लागले, अगदी बाळाच्या सोनोग्राफीसारखे. कुठे काय आहे ते बाणाने दाखवावं लागायचं. नाथाभाऊंच्या झाडाला सगळ्यांत जास्त कळ्या होत्या. योगिनी रोज वर जाऊन त्या बघून यायची. वत्सलाबाईंनी तर दारामागची पिशवी खुंटीवरून काढून कपाटात ठेवली.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर फिरत होतो. नाथाभाऊ डोक्याला टॉवेल गुंडाळून कुंडीपुढे बसले होते. हातात मोहाडीची कात्री.

खच्च. खच्च. खच्च.

मी पोचेपर्यंत झाड गुडघ्याएवढं उरलं होतं, वरून टेबलासारखं सपाट. खाली कळ्यांचा सडा पडला होता. तेवढ्यात योगिनी फोटो काढायला वर आली, आणि जिन्याच्या दारातच थबकली.

"अण्णा! कळ्या!"

"कळ्या कसल्या? येळेआधीची आगाप फूट ती, निस्ती. दसरा झाला, गोडी छाटणी नको का?"

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते. उन्हाळ्यात खरड छाटणी, आणि दसऱ्याच्या सुमारास गोडी छाटणी. गोडी छाटणी झाली की माल येतो. आमच्या जिल्ह्यात पंचांग चुकेल, पण दसऱ्यानंतरची कात्री चुकत नाही. हात आपोआप जातो.

"ते द्राक्ष नाहीये, अण्णा!" योगिनी रडायच्या बेताला आली. "त्याला घड नाही येणार! फुलं यायची होती त्याला!"

नाथाभाऊंनी एकदा झाडाकडे बघितलं, एकदा हातातल्या कात्रीकडे. मग खाली पडलेली एक कळी उचलून तळहातावर ठेवली आणि बराच वेळ ती बघत राहिले.

योगिनीने फोटो काढला नाही. तो तिसऱ्या मजल्याने काढला. ग्रुपवर कुलथ्यांनी लिहिलं, 'अत्यंत दुःखद.' त्याखाली कुणीतरी 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं, आणि मग रीतच असल्यामुळे सगळ्यांनीच टाकलं. एकाने तर 'कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी' असंही लिहिलं, आणि कुटुंबीय त्या ग्रुपवर होते.

पिशवी कपाटातून पुन्हा खुंटीवर गेली. दोन दिवसांनी वत्सलाबाईंनी बघितलं तर तिच्यात स्वेटरही होता.

"दिवाळी होऊ द्या," नाथाभाऊ म्हणाले. "समारंभाला थांबतो. नायतर पळाला म्हनतील." झाडाला पाणी घालणं त्यांनी सोडलं नाही. छाटलेल्या बागेला पाणी तोडत नाहीत.

दिवाळीनंतर फुलं आली. म्हणजे इतरांची. ती वाटीएवढी नव्हती, गुलाबी नव्हती आणि पाकळीवर पाकळी तर नव्हतीच. रुपयाएवढी पांढरी फुलं, मध्ये पिवळा तुरा, आणि मान खाली घातलेली. एक दिवसभर ग्रुपवर एकही फोटो आला नाही. मग कुलथ्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'खरं सौंदर्य विनम्र असतं.' संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ते पटलं. ललिताबाई तर म्हणाल्या की मोठी फुलं त्यांना आधीपासूनच भडक वाटायची.

पुष्पोत्सवाला गच्चीवर मांडव घातला. कुंड्यांना लाल साटीन गुंडाळलं. कुलथ्यांच्या मुलीचं लग्न मधल्या काळात ठरलं होतं, आणि परीक्षक म्हणून कुलथ्यांनी आपल्या होणाऱ्या व्याह्यांनाच बोलावलं: श्रीयुत दंडगव्हाळ. एका दगडात दोन पक्षी. कुलथ्यांनी माइकवर ओळख करून दिली, "आमचे व्याही आसामात मोठ्या कंपनीत फार मोठ्या पदावर होते. निसर्गाच्या सान्निध्यात आयुष्य गेलंय त्यांचं." कंपनी कसली, हे सांगायचं त्यांना सुचलं नाही. मोठी आहे म्हटल्यावर त्यांनी पुढे विचारलं नसावं.

दंडगव्हाळ उंच, सावळे, मोजकं बोलणारे. पहिल्या कुंडीपाशी वाकले. दुसऱ्या कुंडीपाशी वाकले. तिसऱ्या कुंडीपाशी त्यांनी एक पान तोडलं, चुरगाळलं, हुंगलं, आणि कुलथ्यांकडे अतिशय प्रेमाने बघितलं.

"व्याही, माझ्यासाठी केलंत हे सगळं?"

"म्हणजे काय! तुमच्यासाठीच!" कुलथे म्हणाले. कशाबद्दल चाललंय ते त्यांना कळलं नव्हतं.

"इतका आटापिटा? मी चहाच्या मळ्यावर जन्म काढला म्हणून तुम्ही गच्चीभर चहा लावलात?"

मांडवात कुणीही हललं नाही. साटीनची एक गाठ तेवढी सुटली.

"चहा," कुलथे म्हणाले. त्यांनी तो शब्द असा उच्चारला, जणू पहिल्यांदाच ऐकत होते.

"चहाच. कॅमेलियाच्याच घराण्यातला. शोभेचा कॅमेलिया वेगळा, पण गोत्र एक." दंडगव्हाळांनी हळुवारपणे एक पिवळं पान काढून टाकलं. "मात्र हाल केलेत हो बिचाऱ्यांचे. चहाला फुलू देत नाहीत. फुलला म्हणजे माळी झोपला."

मला कुलथ्यांच्या हॉलमधला फोटो आठवला. दार्जिलिंगच्या सहलीत काढलेला. कुलथे आणि ललिताबाई भाड्याच्या पहाडी पोशाखात, पाठीवर टोपल्या, आणि कमरेपर्यंत याच झाडात बुडालेले. तो फोटो मोठा करून सोफ्याच्या वर लावलेला आहे. कॅमेलियाचं सगळं नियोजन त्याच सोफ्यावर बसून झालं होतं.

दंडगव्हाळ फिरत फिरत टाकीच्या मागे गेले. तिथं साटीन न लावलेली एक कुंडी होती. परत आले ते जवळजवळ पळतच.

"हे कुणी केलंय?"

नाथाभाऊ मांडवाच्या कडेला उभे होते. पिशवी त्यांनी बरोबरच आणली होती. समारंभ झाला की परस्पर एसटी गाठायची असा बेत होता. ते पुढे झाले. "म्या केलं. चूक झाली."

"चूक?" दंडगव्हाळांनी त्यांना हाताला धरून कुंडीपाशी नेलं. आम्ही सगळे मागे. छाटलेल्या झुडपावर कोवळी, पोपटी पालवी तट्ट उभी होती. कुंडीवर हिरवी सतरंजी अंथरल्यासारखी. "ही छाटणी बघा! वरून कशी सपाट! आणि खालचं जुनं पान बघा कसं काळंभोर. मातीत काय घातलंत?"

"गंधक."

"गंधक!" दंडगव्हाळ आमच्याकडे वळले. "नाशिकचं पाणी चुन्याचं. चहाला आंबट माती लागते. गंधकाने माती आंबट होते. हे ओळखायला माझ्या असिस्टंटांना वर्षं जायची. कुणी शिकवलं तुम्हाला?"

"बापानं. पन साहेब, खरं सांगू का? मला चहा-बिहा काय म्हायती नव्हतं. म्या द्राक्ष समजून छाटलं. अन् गंधक भुरीसाठी मारलं."

दंडगव्हाळांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. "विनय बघा! याला म्हणतात विनय!"

"इनय नाय वो, खरंच—"

पण व्याही टाळ्या वाजवत होते, म्हणून कुलथे वाजवायला लागले. अध्यक्ष वाजवतायत म्हटल्यावर सगळी सोसायटी. नाथाभाऊंचं खरं त्या कडकडाटात कुणाला ऐकू गेलं नाही.

कमिटीची तातडीची सभा लिफ्टच्या मशीनरूममागे भरली. कुलथ्यांना घाम फुटला होता. "हे बघा, आपण चहाची रोपं राजघराण्यातल्या झाडाच्या किमतीत घेतली हे बाहेर जाता कामा नये. लग्न तोंडावर आहे."

"मग काय लिहू?" योगिनीने विचारलं. तिचा आवाज फार शांत होता.

"लिहा, की मुळात चहाच लावायचा होता. नाशिकमधली पहिली गच्चीवरची चहाबाग. गुप्तता यासाठी, की व्याह्यांना सरप्राइज द्यायचं होतं."

"आणि गच्ची?"

कुलथ्यांनी मांडवाकडे बघितलं. तिथं दंडगव्हाळ नाथाभाऊंच्या खांद्यावर हात टाकून कात्री कशी धरायची ते विचारत होते. गझिबो हवेत विरताना मी प्रत्यक्ष बघितला.

"चहा करणार कोण दुसरा?" कुलथे म्हणाले. "द्या थेट्यांना."

सगळ्या कुंड्या वर आल्या. सगळ्यांची एकजात गोडी छाटणी झाली. त्यांतल्या तीन-चार त्यातून वाचल्या नाहीत, पण त्यांचं दुःखद वगैरे कुणी लिहिलं नाही. महिनाभराने पहिली पानं खुडली. दंडगव्हाळांच्या सांगण्याबरहुकूम ती सुकवली, चोळली, पुन्हा सुकवली. चहापानाचा कार्यक्रम झाला. दूध नाही, साखर नाही, पारदर्शक कप. सगळ्यांनी एकेक घोट घेतला आणि डोळे मिटले. डोळे मिटण्याचं कारण प्रत्येकाचं वेगळं असावं. "काय सुगंध!" ललिताबाई म्हणाल्या.

नाथाभाऊंनी घोट घेतला, कप खाली ठेवला. "लय कडू हाय," ते म्हणाले, आणि वत्सलाबाईंनी खालून स्टीलच्या पेल्यात त्यांच्यासाठी आलं घालून उकळलेला, दुधाचा, दुकानातला चहा आणला.

परवा सकाळी मी वर गेलो. नाथाभाऊ उकिडवे बसून कुंड्यांची माती उकरत होते. ऑपरेशनवाल्या गुडघ्याला हे कसं चालतं ते डॉक्टरांना विचारायला हवं. चहाच्या दोन रांगांमध्ये फुटक्या टबांत काहीतरी कोवळं, तीन-तीन पानांचं, दाट उगवलं होतं. कठड्याशी मोहाडीच्या बागेतली एक काडी रोवलेली होती, आणि तिला सुतळीने वर तारेपर्यंत वाट करून दिली होती.

तेवढ्यात कुलथे पाहणीला आले. टबापाशी थांबले. वाकले. त्यांच्या नाकपुड्या हलल्या.

"थेटे, हे काय आहे?"

नाथाभाऊंनी मान वर केली नाही. "कॅमेलिया."

"हा?"

"बारक्या पानाचा."

एकदा चूक झालेला माणूस दुसऱ्यांदा फार जपून बोलतो. कुलथ्यांनी टबाकडे बघितलं, जिन्याच्या दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघत होतो.

"वाटलंच मला," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "हा कोवळा असतानाच खुडतात ना?"

"आत्ताच खुडायचा."

नाथाभाऊंनी बुडाशी कात्री लावली आणि एक चांगली घसघशीत जुडी केली. बांधायला सुतळी होती. ठेवायला काही दिसेना, तेव्हा त्यांनी खिळ्याला अडकवलेली ती कापडी पिशवी काढली. सदरे, टॉवेल, स्वेटर कधीच कपाटात गेले होते. पिशवीत आता बी-बियाणं असतं. ते बाहेर काढून त्यांनी जुडी आत ठेवली.

"पिशवी परत आणा मात्र," ते म्हणाले. "मला लागती."

कुलथ्यांनी पिशवी घेतली आणि लिफ्टची वाट धरली. जाताना त्यांनी ती पाठीमागे धरली होती.